पायथनमधून विंडोजचं फंक्शन बोलावलं की प्रोग्राम आपटतोय, जुन्या मशीनवर हाच कोड चालायचा

डीटीपी_गल्ली

नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. कोल्हापुरात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, पत्रिका, वार्षिक अहवाल, पतसंस्थांच्या नोटिसा असलं काम. जुना मजकूर सगळा श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये) पडलाय आणि आता गिऱ्हाइकं युनिकोडमध्ये मागतात, म्हणून तीनचार वर्षांपूर्वी मी पायथनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती, तिला जुना मजकूर द्यायचा, ती अक्षरं बदलते आणि तयार मजकूर थेट क्लिपबोर्डवर ठेवते, मग वर्डमध्ये जाऊन पेस्ट मारलं की झालं. क्लिपबोर्डसाठी वेगळी लायब्ररी घेतली नव्हती, सीटाइप्समधून (पायथनमधून बाहेरची सी फंक्शन बोलवायची सोय) डायरेक्ट विंडोजचीच फंक्शन बोलावलीत, इकडून तिकडून बघून बघून.

मागच्या आठवड्यात जुनं मशीन (विंडोज ७) गेलं, मदरबोर्डच उडाला. नवीन घेतलं, विंडोज ११, पायथन पण नवीन टाकलं, स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून आणली आणि पहिल्याच फटक्याला आपटली. कोड देतोय, मोबाइलवर मराठी कीबोर्डच आहे त्यामुळे नावं देवनागरीत आलीत, समजून घ्या:

लांबी = लेन(मजकूर) * २
यूजर३२.ओपनक्लिपबोर्ड(०)
यूजर३२.एम्प्टीक्लिपबोर्ड()
एच = कर्नल३२.ग्लोबलअलॉक(२, लांबी)
पी = कर्नल३२.ग्लोबललॉक(एच)
सीटाइप्स.मेममूव्ह(पी, मजकूर, लांबी)
कर्नल३२.ग्लोबलअनलॉक(एच)
यूजर३२.सेटक्लिपबोर्डडेटा(१३, एच)
यूजर३२.क्लोजक्लिपबोर्ड()

मेममूव्हच्या, म्हणजे मजकूर मेमरीत उतरवायच्या ओळीला मरतंय. "ॲक्सेस व्हायोलेशन रायटिंग" आणि पुढे नुसती शून्यं. आणि एकदा असं झालं की आयडल (पायथन चालवायची खिडकी) बंद करेपर्यंत वर्डमधलं कॉपी पेस्टसुद्धा बंद पडतं, तो वेगळाच ताप. गंमत म्हणजे शेवटी "काम झालं" सांगणारा मेसेज बॉक्स आहे, तोही सीटाइप्सनेच बोलावलाय, तो एकटा चालवला तर मस्त येतो. मग ह्यालाच काय धाड भरलीये?

सदा_फुली

पायपरक्लिप (क्लिपबोर्डची तयार पायथन लायब्ररी) टाक ना भावा, एका ओळीत काम. कशाला विंडोजच्या पोटात हात घालतोस.

डीटीपी_गल्ली

त्या मशीनला नेट नाहीये, मोठ्या भावाने मुद्दाम दिलेलं नाही, पोरं व्हिडिओ बघत बसतात म्हणून. पेनड्राइव्हने टाकता येईल ते माहितीये, पण चार वर्षं चाललेला कोड का मेला ते कळल्याशिवाय झोप नाही लागायची.

रात्रपाळी

दोन गोष्टी प्रिंट करून सांग. १) मेममूव्हच्या आधी एच आणि पी मध्ये काय येतंय. २) पायथन ३२ बिट आहे का ६४, सिस.मॅक्ससाइझ बघितलं तरी कळेल, आकडा २१४ कोटींच्या आसपास असेल तर ३२, आणि एकोणीस आकडी काहीतरी अगडबंब आलं तर ६४.

डीटीपी_गल्ली

एकोणीस आकडी आलं. म्हणजे ६४. जुन्या मशीनवर ३२ च असणार, पेनड्राइव्हवर जुना इन्स्टॉलर अजून आहे त्याच्या नावात ६४ कुठे नाहीये.

एच = -१४५९६१७७७२
पी = ०

एच म्हणजे हँडल, विंडोजने त्या मेमरीसाठी दिलेला ओळखीचा आकडा, तो मायनसमध्ये कसा काय येतो? प्रत्येक वेळी वेगळं येतंय, कधी प्लस कधी मायनस.

रात्रपाळी

सापडलं, तो मायनसच सगळं सांगतोय. जरा लांब लिहितो कारण हे एकदा डोक्यात बसलं की आयुष्यभर पुरतं.

डीएलएल फाइलमध्ये (विंडोजची तयार फंक्शन जिथे असतात ती फाइल) फंक्शनचं नाव असतं आणि त्याचा कोड कुठे सुरू होतो ते असतं, बास. हे फंक्शन किती गोष्टी घेतं, त्या केवढ्या आकाराच्या, परत काय देतं, यातलं काहीही त्यात लिहिलेलं नसतं. सी मध्ये ही माहिती हेडर फाइलमधून येते, कंपायलर ती वाचतो आणि गप तुझ्यासाठी सगळं जुळवून देतो. पायथनकडे हेडर नाही, कंपायलर नाही, आणि सीटाइप्स काही मनकवडा नाही. तू काही सांगितलं नाहीस तर तो सरळ धरून चालतो की फंक्शन साधा इंट परत देणार, म्हणजे ३२ बिट. हे आजचं नाही, सीटाइप्स २००६ मध्ये पायथन २.५ सोबत आलं तेव्हापासून असंच आहे.

३२ बिट पायथनमध्ये मेमरीचा पत्ता पण ३२ बिट आणि इंट पण ३२ बिट, त्यामुळे चुकीचं धरलं तरी खपून जायचं. आता पत्ता झाला ६४ बिटचा. ग्लोबलअलॉकने पूर्ण पत्ता दिला, सीटाइप्सने त्यातले खालचे ३२ बिट ठेवले आणि वरचे फेकून दिले. उरलेल्यातला सगळ्यात वरचा बिट १ असेल तर आकडा मायनस दिसतो, नसेल तर प्लस, म्हणून तुला कधी हे कधी ते. फेकलेला भाग काय होता ते आता ब्रह्मदेव पण सांगू शकत नाही, पण समजा ४८२ होता, तर खरं हँडल २०७३००९५८६१९६ असणार आणि तुझ्या हातात आलं -१४५९६१७७७२. म्हणजे बघ, लँडलाइनच्या नंबरातला ०२३१ खोडून टाकलास आणि पुण्यात बसून उरलेला नंबर फिरवलास. लागला तर कोणातरी परक्याच्या घरी लागेल, बहुतेक लागणारच नाही.

तुझ्याकडे तेच झालं. अर्धवट हँडल ग्लोबललॉकला दिलंस, विंडोज म्हणालं असलं काही माझ्याकडे नाही आणि परत दिलं शून्य. तू शून्य आलंय का बघितलंच नाहीस (कोणीच बघत नाही), ते तसंच मेममूव्हला दिलंस आणि तो शून्य पत्त्यावर लिहायला गेला. त्या एररमधली शून्यं ती हीच.

तेव्हा ६४ बिट पायथन असतं तरी विंडोज ७ वर कदाचित निभावलं असतं, कारण तिथे पत्ते बऱ्याचदा लहान असायचे, ३२ बिटात मावणारे. विंडोज ८ पासून सुरक्षेसाठी मेमरीचे पत्ते मुद्दाम लांब लांब विखरून द्यायला लागले, तेव्हापासून असला कोड लपून राहत नाही. म्हणून नेटवर जुनी उदाहरणं दिसतात, खाली दहा जण थँक्यू म्हणून गेलेले असतात, आणि आपल्याकडे मात्र आपटतं.

आता ग्लोबलअलॉक आणि ग्लोबललॉक दोघांच्या रेसटाइपला (परत काय येणार ते सांगायची जागा) सी_व्हॉइड_पी, म्हणजे पूर्ण पत्ता, लाव आणि सांग काय होतंय.

डीटीपी_गल्ली

०२३१ चं पटलं एकदम. लावलं. आता एच मध्ये तेरा आकडी मोठा नंबर येतोय, मायनस गेला, पण ग्लोबललॉकच्याच ओळीला वेगळी एरर: "आर्ग्युमेंट १... इंट टू लाँग टू कन्व्हर्ट". एक गळती बुजवली की दुसरी.

रात्रपाळी

नाही रे, ही चांगली एरर आहे, आधी गुपचूप मारत होता, आता निदान बोलतोय तरी. येताना पत्ता पूर्ण आला, पण परत जाताना तोच रोग, तू पायथनचा साधा आकडा दिलास की सीटाइप्स तो पण सी चा इंट धरून कोंबायला बघतो आणि मावत नाही. म्हणून जाणारी बाजू पण सांगायची, आर्गटाइप्स. तुझ्या कोडला एवढं पुरे:

ग्लोबलअलॉक.आर्गटाइप्स = [विनटाइप्स.यूइंट, सीटाइप्स.सी_साइझ_टी]
ग्लोबललॉक.आर्गटाइप्स = [सीटाइप्स.सी_व्हॉइड_पी]
ग्लोबलअनलॉक.आर्गटाइप्स = [सीटाइप्स.सी_व्हॉइड_पी]
सेटक्लिपबोर्डडेटा.आर्गटाइप्स = [विनटाइप्स.यूइंट, सीटाइप्स.सी_व्हॉइड_पी]
सेटक्लिपबोर्डडेटा.रेसटाइप = सीटाइप्स.सी_व्हॉइड_पी
ओपनक्लिपबोर्ड.आर्गटाइप्स = [विनटाइप्स.एचडब्ल्यूएनडी]

साइझ_टी ला आळस करून लाँग लिहू नकोस, विंडोजवर लाँग ६४ बिट मशीनवर पण ३२ बिटच राहतो. लिनक्सवर ६४ होतो, त्यामुळे तिकडचं उदाहरण इकडे चिकटवलं की परत तेच रडगाणं.

मेसेज बॉक्स का चालायचा: पहिलं शून्य, मग दोन मजकूर, मग एक बारका आकडा, परत येतो इंट. मजकुराचा पत्ता सीटाइप्स स्वतःच नीट पाठवतो. त्यात कापण्यासारखं काही नव्हतंच. खिडकीची हँडलं पण अशीच वाचतात, मायक्रोसॉफ्टने ६४ बिटवर पण त्यातले ३२ च बिट कामाचे ठेवलेत, त्यामुळे खिडक्यांशी खेळणारा कोड वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतो आणि माणसाला वाटतं आपल्याला सीटाइप्स येतं. पहिला खरा पॉइंटर, म्हणजे मेमरीचा पत्ता, आला की कळतं.

अजून एक, विनडीएलएल म्हणून डीएलएलची स्वतःची प्रत उघड, तयार मिळणाऱ्या विंडएलएलवर हे टाइप लावू नकोस. तो सगळ्या मॉड्यूलमध्ये एकच असतो, तू त्याच्या फंक्शनला टाइप लावलेस की दुसऱ्या कुठल्यातरी लायब्ररीने लावलेले पुसले जातात नाहीतर ती तुझे पुसते, आणि मग शोधत बस रात्रभर. मी बसलोय.

आबा_मॅक्रोवाले

वाचून मजा आली. पोरांनो हे दुखणं पायथनचं नाही, आम्ही एक्सेलमध्ये भोगलंय. मी एका साखर कारखान्याच्या अकाउंट्सला होतो, तिथे ऊस बिलाच्या शीटमध्ये मॅक्रो होते आणि त्यात वरती "डिक्लेअर फंक्शन अमुक लिब यूजर३२" अशा ओळी, व्हीबी ६ च्या काळातल्या, कोणी लिहिल्या देव जाणे. सगळीकडे हँडल ॲज लाँग. पुढे ऑफिस २०१० आलं, ते पहिलं ६४ बिटमध्ये मिळणारं ऑफिस, आणि त्यात मायक्रोसॉफ्टने दोन शब्द आणले, पीटीआरसेफ आणि लाँगपीटीआर. डिक्लेअरमध्ये पीटीआरसेफ लिहिलं नाही तर ६४ बिट एक्सेल मॅक्रो चालवतच नाही, लाल ओळ दाखवून गप्प बसतं.

आता आमच्या शहाण्याने काय करावं, एररमध्ये पीटीआरसेफ लिहा म्हटलंय ना, मग फाइंड रिप्लेस करून सगळीकडे पीटीआरसेफ घातलं, लाँग तसेच ठेवले. लाल ओळी गेल्या, सगळे खूश. पीटीआरसेफ म्हणजे "मी तपासलंय, चालू दे" अशी आपण केलेली नुसती सही असते, त्याने आत काही बदलत नाही. ऐन पंधरवड्याच्या बिलात एक्सेल न सांगता बंद व्हायचं, आणि ते पण रोज नाही, चार दिवसांतून एकदा. मी आठ दिवस प्रिंटरच्या ड्रायव्हरला शिव्या देत होतो.

आणि अजून एक मराठीवाल्यांसाठी. मजकूर घेणाऱ्या फंक्शनच्या दोन जाती असतात, शेवटी ए असलेली आणि शेवटी डब्ल्यू असलेली. मेसेजबॉक्सए ला मराठी दिलं की सगळी प्रश्नचिन्हं दिसतात, कारण ए वाली जात जुन्या कोडपेजवर (युनिकोडच्या आधीची अक्षरांची यादी) चालते आणि देवनागरीला विंडोजमध्ये तसलं कोडपेज कधी दिलंच नाही, आपण पहिल्यापासून युनिकोडवालेच. तेव्हा डोळे झाकून डब्ल्यू.

डीटीपी_गल्ली

काका, प्रश्नचिन्हांचा अनुभव आहे, एका पत्रिकेचा मजकूर वाचवताना अख्खा दिवस गेलेला.

रात्रपाळीदादा, चालतंय!! पण एक जुनंच दुखणं राहिलंय, ते विंडोज ७ वर पण होतं, मजकुराच्या शेवटी कधी कधी चिनी दिसणारी दोनतीन अक्षरं चिकटून येतात. रोज नाही. आम्ही हाताने खोडायचो, सवयच झाली होती.

स्नेहल_ठाणे

ती चिनी अक्षरं नाहीत, मेमरीतला कचरा आहे, दोन दोन बाइट धरून वाचला की बरेचदा चिनी दिसतो. तू मजकुराची लांबी गुणिले दोन एवढीच जागा घेतलीस, शेवटच्या शून्याला जागाच नाही. वर्ड वाचत सुटतं आणि शून्य भेटेपर्यंत थांबत नाही, शून्य लगेच भेटलं तर तुझं नशीब.

आणि लेन गुणिले दोन हा हिशोबच सोडून दे. देवनागरीला चालतो, आपली अक्षरं यूटीएफ १६ मध्ये (युनिकोड बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) दोन बाइटचीच असतात, क्ष दिसतो एक पण आत क, हलन्त, ष असे तीन, म्हणजे सहा बाइट, आणि लेन पण तीनच सांगतं, तिथपर्यंत ठीक. पण पत्रिकेत कोणी गुलाबाचा इमोजी टाकला तर तो एकटा चार बाइट खातो आणि लेन म्हणतं एक. म्हणून आधी मजकूर एन्कोड कर, यूटीएफ-१६-एलई मध्ये, त्याला शेवटी दोन शून्य बाइट जोड, आणि जे बाइट हातात आले त्यांची लांबी घे. तेच बाइट मेममूव्हला दे.

बाकी तुझ्या कोडमध्ये मला दिसलेलं सांगते, राग मानू नकोस :)

क्लोजक्लिपबोर्ड हे फायनलीमध्ये (मध्ये एरर आली तरी चालणारा भाग) टाक. क्लिपबोर्ड सगळ्या मशीनला मिळून एकच, चाळीतल्या नळासारखा, तू उघडून मध्येच मेलास तर बाकीचे बादल्या घेऊन उभे. वर्डचं कॉपी पेस्ट बंद पडायचं ते म्हणूनच.

ओपनक्लिपबोर्ड काय परत देतं ते बघ. दुसऱ्या कोणी उघडून ठेवला असेल तर शून्य येतं, तेव्हा लगेच हार मानायची नाही, पन्नासेक मिलिसेकंद थांबून परत, असं दहा वेळा. रिमोट डेस्कटॉप चालू असेल तर हे हमखास होतं.

सेटक्लिपबोर्डडेटा यशस्वी झालं की ती मेमरी विंडोजची झाली. आपण ग्लोबलफ्री करायचं नाही, माहेरून सासरी गेली. पण ते फेल झालं तर मात्र आपणच सोडायची.

एरर नंबर हवा असेल तर विनडीएलएल उघडताना यूज_लास्ट_एरर ट्रू दे आणि नंतर सीटाइप्सचंच गेट_लास्ट_एरर विचार. कर्नल३२ मधलं गेटलास्टएरर स्वतः बोलावू नकोस, तुझं फंक्शन संपल्यापासून तू विचारेपर्यंत पायथनने आतल्या आत विंडोजचे अजून चार कॉल केलेले असू शकतात आणि तुला भलत्याचीच एरर मिळते.

ओपनक्लिपबोर्डला शून्य देण्याबद्दल डॉक्युमेंटेशनमध्ये नाही म्हटलंय, म्हणे शून्य देऊन एम्प्टी केलं की क्लिपबोर्डला मालक उरत नाही आणि सेट फेल होतं. प्रत्यक्षात चालतं, तुझं चाललंच की. पण पायपरक्लिपच्या कोडमध्ये डोकावलास ना तर ते बिचारं एक लपवलेली खिडकी बनवतं आणि तिचं हँडल देतं, फक्त या एका कारणासाठी. आणि हो, ते पण आतून सीटाइप्सच वापरतं.

सदा_फुली

म्हणजे मी सांगितलं तेच ते.

राइनकाठचा

जर्मनीतून राम राम. लिनक्सवाल्यांनी हसू नये एवढंच सांगायला आलो. लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) उघडून गेटपिड बोलावलं की चालतं कारण तो इंटच देतो, आणि मग माणूस जोशात स्ट्रचर बोलावतो, तो पत्ता देतो, रेसटाइप दिला नसेल तर तीच कापाकापी. ॲपलच्या नवीन चिपवर तर अजून वेगळंच, प्रिंटएफसारखी कितीही आर्ग्युमेंट घेणारी फंक्शन तिथे ती आर्ग्युमेंट वेगळ्या जागी ठेवतात, आर्गटाइप्स दिले नाहीत तर इंटेल मॅकवर बरोबर आणि नवीन मॅकवर बकवास छापून येतं. आमच्या टीममध्ये दोघांचे लॅपटॉप वेगळे होते, अर्धा दिवस एकमेकांना "माझ्याकडे चालतंय" म्हणत बसले.

डीटीपी_गल्ली

सगळ्यांचे आभार, पार्टी ड्यू. ताईंनी सांगितलेलं सगळं घातलं, आता कोड असा झालाय (वरचे टाइप वगैरे सोडून):

बाइट्स = मजकूर.एन्कोड('यूटीएफ-१६-एलई') + दोन शून्य बाइट
एच = ग्लोबलअलॉक(२, लेन(बाइट्स))
पी = ग्लोबललॉक(एच)
इफ नॉट पी: एरर दाखव आणि थांब
मेममूव्ह(पी, बाइट्स, लेन(बाइट्स))

काल साठ पानी अहवाल एका दमात गेला, शेवटी कचरा नाही. ऑपरेटर पोरगी विचारत होती, आता शेवटची अक्षरं खोडायची नाहीत का, सवयीने तिने दोन ठिकाणी खरी अक्षरं खोडली.

सदा_फुली

आता एवढे सगळे जमलेत तर माझं पण बघा. मी कीबोर्डवर हुक लावतोय (कळ दाबली की विंडोजने माझं फंक्शन बोलवावं म्हणून), सेटविंडोजहुकएक्स, नंबर १३ वाला, टाइप वगैरे सगळे दिलेत रात्रपाळीने सांगितले तसे. एकही कळ दाबली की पायथन काही न बोलता गायब. एरर नाही, काही नाही, आणि एक्झिट कोड -१०७३७४१८१९.

रात्रपाळी

कशाला विंडोजच्या पोटात हात घालतोस :)

तो कोड म्हणजे परत ॲक्सेस व्हायोलेशनच. तू फंक्शन गुंडाळून डायरेक्ट कंसातच दिलंय ना, हुकप्रोक(माझंफंक्शन) असं? कॉल संपला की त्या गुंडाळीला पायथनच्या बाजूने कोणी धरून ठेवलेलं नसतं, त्याने ती कचऱ्यात टाकली. विंडोजकडे पत्ता तसाच आहे, कळ दाबली की ते तिथे जातं आणि तिथे काही नसतं. आधी व्हेरिएबलमध्ये घे आणि हुक असेपर्यंत तो जिवंत ठेव, फंक्शनच्या आतला लोकल नको. आणि गेटमॉड्यूलहँडलचा रेसटाइप दिलाय का बघ, ते नावाला हँडल, आत खरा पत्ताच असतो.

सदा_फुली

कंसातच दिलं होतं. बाहेर काढलं, चाललं. व्हेरिएबलचं नाव ठेवलंय "हात_लावू_नका", नाहीतर पुढच्या वर्षी मीच कुठे वापरात नाही म्हणून उडवीन.